पाणी माझ्यासमोर प्या

वहिनी,

तू माहेरी गेलेली नाहीस. हे आधीच लिहून टाकतो, कारण तू गेल्यापासून हे वाक्य मला फार जणांनी ऐकवलं आहे. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "सुटली हो. कायमची माहेरी गेली." सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी कमळाच्या चित्राखाली तेच लिहिलं. तुझ्या जलदानाच्या विधीला आलेल्या आमच्या थोरल्या बहिणीनं, आक्कानंही तेच म्हटलं. प्रत्येकाला वाटतं, शब्द तुझाच आहे, म्हणजे तुला आवडेल. मी मान हलवतो. मी मान हलवणारा माणूस आहे, हे तुला ठाऊक होतं. माझं मान हलवणं म्हणजे होकार नसतो, हे मात्र फक्त तुलाच ठाऊक होतं.

तू मेलीस. घरी, सकाळी, गवारीच्या शेंगा मोडता मोडता. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, अशा पेशंटचं होतं कधी कधी असं. अर्धी गवार ताटात तशीच होती. ती नंतर मीच मोडून संपवली, कारण दुसरं काय करावं ते कळत नव्हतं.

जलदानाच्या सभेत माझ्या हातात माईक दिला. "तुम्ही शिकलेले, ग्रंथपाल माणूस, दोन शब्द बोला." मी उभा राहिलो, "वहिनी गेली" म्हणालो आणि खाली बसलो. बाकीचे चांगलं बोलले. सोशिक होती म्हणाले. हसतमुख होती, कधी तक्रार केली नाही, कधी आवाज चढवला नाही. एवढ्या आजारात राहूनही तिची नजर सकारात्मक होती, असं एकजण म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते सहन झालं नाही. तुझा फोटो होता समोर, हार घातलेला, आणि त्या फोटोसारखीच एक दुसरी बाई ते सगळे मिळून तयार करत होते. तिला ना घसा होता, ना राग. हे लिहितो आहे ते त्या बाईच्या विरोधात.

तुझ्या दोन्ही मूत्रपिंडांनी काम सोडलं तेव्हा अस्मिता आठवीत होती. आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त धुऊन घ्यायचं, हे तिला समजावून झालं होतं, आणि शाळेतला धडा समजून घ्यावा तसं तिनं ते समजूनही घेतलं होतं. तरी पहिल्या दिवशी तू पिशवी भरून चपला घालत होतीस तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली. "आई, कुठं चाललीस?" कुठं ते तिला माहीत होतं. तू म्हणालीस, "माहेरी." ती हसली, दादा हसला. मला हसू आलं नाही. तुझं माहेर उरलं नव्हतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आई-वडील लग्नाआधीच गेलेले, आणि एकुलता भाऊ गुजरातेत. त्याचा फोन आला की तू आधी विचारायचीस, कोण वारलं.

दादाला महापेच्या कारखान्यात शिफ्ट, म्हणून तुला न्यायचं काम माझ्याकडं होतं. त्या दिवशी रिक्षात मी म्हणालो, "वहिनी, दवाखान्याला दवाखाना म्हणावं."

"म्हणते की. फाईलवर तेच लिहिलंय."

"मग घरात वेगळं कशाला?"

"तुमच्या पुस्तकांना कव्हर मीच घालायचे ना भावजी? आतलं पुस्तक बदलायचं का त्यानं?"

"कव्हर फाटतं."

"मग दुसरं घालायचं. तुम्ही पुढं बघा, पडाल."

माझ्या कॉलेजच्या पुस्तकांना तू कव्हर घालायचीस ते मी विसरलो नव्हतो. तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी बारावीला होतो. घरात खोली एकच होती. माझी परीक्षा असली की तू दादाला घेऊन खाली कट्ट्यावर जाऊन बसायचीस. लोक म्हणायचे, नवी नवरी, हौस किती हिंडायची. तुला हिंडायचं नव्हतं. मला दिवा आणि टेबल हवं होतं. हे मी तुला कधी बोललो नाही. तूही कधी बोलून दाखवलं नाहीस. एका घरात इतकी वर्षं राहून माणसं काय काय बोलत नाहीत, त्याचं मला आता नवल वाटतं.

माहेर या शब्दाचा मला राग होता. आपली माणसं दुःखाला गोड नाव देऊन ते गिळतात, आणि मग गिळायला लावणाऱ्यांचं फावतं, असं माझं म्हणणं होतं. ते मी तुला ऐकवायचो. तू ऐकून घ्यायचीस आणि पुढच्या वेळी जाताना पुन्हा म्हणायचीस, "चला भावजी, माहेरी सोडा."

मग एके दिवशी परत येताना तू आपणहून बोललीस. थकलेली होतीस, डोकं रिक्षाच्या दांडीला टेकलेलं.

"भावजी, मी कव्हर म्हणाले होते ना, ते चुकलं."

"म्हणजे?"

"पोरीला हसवायला बोलले होते. पण मग म्हटलं, बोललेच आहे तर बघू तरी, त्यात काही आहे का. आज सुया लागल्या, मशीन सुरू झालं, आणि मी वाट बघत बसले की आता कोण हाक मारतंय. कुणी मारलीच नाही. लग्न झाल्यापासून इतका वेळ मला कुणी हाक मारली नाही असं झालंच नव्हतं. माहेरी दुसरं काय असतं? थाप मारायला गेले आणि ती खरी निघाली."

"आणि दुखतं त्याचं काय?"

"ते दुखतंच. ते कुठं जाणार? तेही बघते. सुईला मी फूल मानत नाही भावजी. मानून घेणं वेगळं आणि बघणं वेगळं. मानून घ्यायचं तर डोळे मिटावे लागतात."

रविवारी तू सेक्टरमधल्या विहारात जायचीस. तिथल्या भन्तेंनी श्वास येतो-जातो तो नुसता बघायला शिकवलं होतं, बदलायचा नाही, आवडून घ्यायचा नाही, बघायचा. मला तो वेळ घालवण्याचा प्रकार वाटायचा. मी धम्मावरची पुस्तकं वाचलेला माणूस. सम्यक दृष्टीवर अर्धा तास बोलू शकलो असतो. तू मात्र ती दवाखान्यातल्या त्या रेक्झिनच्या खुर्चीवर, डाव्या हातात दोन सुया घेऊन करून बघत होतीस. पुस्तकंसुद्धा तू माझ्याकडून एका हातात मावतील अशीच मागायचीस. "जाड नको, भावजी. माहेरी एकच हात मोकळा असतो."

तुझ्या शेजारच्या खुर्चीवर पाटीलबाबा असायचे. खाडीकाठच्या गावातले आगरी, कधीकाळी त्यांचं मिठागर होतं, आता त्यावर त्यांच्याच बिल्डिंगी उभ्या आहेत. तू आत शिरलीस की त्यांची हाक यायची, "काय गो, आलीस म्हायेरा?"

"आले बाबा. तुम्ही आधीच जावईबुवा बनून बसलात?"

"मी तं घरजावई हाय गो इथला."

नर्ससुद्धा हसायच्या. मी बाहेर बाकड्यावर पुस्तक उघडून बसलेला असायचो आणि दारातून हे ऐकायचो. एकदा तुझा हात सुजला, सुई दोनदा काढून पुन्हा घालावी लागली. त्या दिवशी तू त्या मशीनला जी शिवी दिलीस, ती मी आपल्या घरात कुणाच्याच तोंडून ऐकली नव्हती. बाबा म्हणाले, "दे, अजून दे. माझ्या वाटनीची पन दे." तू दिलीस. मग डोळे मिटून पडलीस आणि जरा वेळानं म्हणालीस, "बाबा, आज म्हायेरी भांडण झालं."

सोशिक म्हणे.

पाण्याचं मात्र लिहिलंच पाहिजे. तुला दिवसाचं पाणी ठरवून दिलं होतं. चहा, आमटी, औषधाबरोबरचा घोट, सगळं त्यातच. तू एक स्टीलचं फुलपात्र नेमलं होतंस आणि त्याच्या बाहेर जायचं नाही हे तुझं तू ठरवलं होतंस. ऐरोलीचा मे महिना, खाडीवरची ती चिकट हवा, तू बर्फाचा खडा जिभेवर ठेवून शिलाई मशीनवर साड्यांना फॉल लावत बसायचीस. आणि आम्ही तिघं पाणी चोरून प्यायला लागलो. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. दादा बाथरूमकडच्या पॅसेजमध्ये प्यायचा, अस्मिता शेजारी जाऊन यायची, मी स्वयंपाकघराच्या दाराआड. बाटल्या फ्रिजमध्ये मागं, भांड्यांच्या पलीकडं ठेवायचो. आम्हाला वाटायचं, आम्ही तुझी काळजी घेतो आहोत.

एका दुपारी तू मशीन थांबवलंस.

"भावजी, दाराआड काय चाललंय? पाणी पिताय की दारू?"

मी बाटली पाठीमागं धरली. पन्नाशीला आलेला माणूस.

"इकडं या. बसा इथं. माझ्यासमोर प्या."

"नको वहिनी. तुला त्रास होतो."

"होतो. बघून घसा कोरडा पडतो. पण तुम्ही लपून पिता तेव्हा जास्त होतो. तेव्हा पाणी म्हणजे पाप वाटतं, आणि मी पोलीस. प्या."

मी प्यालो. टेबलावर पेपर होता, नजर आपोआप तिकडं गेली.

"हे बघा," तू म्हणालीस. "घोट घशातून उतरतो तेव्हा तुमच्या चेहऱ्याला काय होतं, तुम्हाला माहीत आहे? तुम्हाला कळतच नाही. तुम्ही पेपर पिता. मला नुसतं बघायला मिळतं, तेवढं तरी कुणीतरी नीट प्या की. गडबडीत गेला तो घोट. पुन्हा."

त्या दिवसापासून आपल्या घरात पाणी टेबलावर आलं. तू समोर परीक्षक. अस्मिता मुद्दाम "आह" करून दाखवायची, तू तिचे मार्क कापायचीस. आणि खरं सांगतो वहिनी, मला पाण्याची चव असते हे तेव्हा कळलं. सकाळचं पाणी वेगळं, जेवणावरचं वेगळं. कॉलेजच्या वाचनालयातल्या कूलरपाशी उभा राहिलो तरी तुझा आवाज यायचा, गडबडीत गेला. माझ्या आयुष्यात काही बदललं नव्हतं. तेच कपाट, तीच वाचनालयाची पावती, तेच पाणी. बघायला लागलो होतो इतकंच, आणि तेवढ्यानं दिवस निराळा जायचा. हे मी तुझ्याजवळ कबूल केलं नाही. कबूल केलं तर वाद मी हरलो असतो.

त्या वादातलं मोठं भांडण गॅलरीत झालं. तू नुकतीच परत आली होतीस, आडवी पडली होतीस. मी चिडलेला होतो. कॉलेजात कुणीतरी व्याख्यान दिलं होतं, नजर बदला म्हणजे जग बदलतं, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. घरी येऊन मी तुझ्यावर घसरलो.

"आपल्या आज्याला तळ्याचं पाणी घेऊ देत नव्हते. त्याला कुणी म्हणालं असतं, बाबा रे, नजर बदल, तहान लागणार नाही, तर? आज्यानं नजर बदलली नाही. तो चालत तळ्यावर गेला आणि ओंजळ भरली."

तू डोळेही उघडले नाहीस. "भावजी, बदलली म्हणूनच गेला."

"काय?"

"त्याच्या आधी किती वर्षं सगळे त्या तळ्याच्या काठानं जात-येत होतेच की. त्यांना वाटायचं, पाणी त्यांचं आहे, आपलं नाही. मग एक दिवस दिसलं, पाणी पाणीच आहे. तळं तेच, माणसं तीच. आधी दिसलं, मग पाय उचलला."

तू झोपलीस. मी आत येऊन तुझ्यावर पांघरूण घालायला चादर शोधत राहिलो आणि मनात म्हणत राहिलो, पण, पण, पण. तो "पण" पुढं बोलायचा राहिला.

आता बोलतो. नजर आपली आपण बदलली तर माणूस उठतो. दुसऱ्यानं आपल्याला बदलायला लावली तर बसतो. दोन्हीला लोक एकच शब्द वापरतात आणि मला राग त्याचा होता. तुझा नव्हता. एवढं साधं वाक्य मला गॅलरीत सुचलं असतं तर तू म्हणाली असतीस, "मग मी दुसरं काय म्हणतेय?" आणि भांडण मिटलं असतं. बरं झालं, मिटलं नाही. जलदानाच्या दिवशी मला ते तसंच, धारदार, हाताशी सापडलं.

त्याआधी फुलपात्राचं. अस्मिताला अठरा पूर्ण झाली त्या आठवड्यात ती रक्तगटाचा रिपोर्ट घेऊन घरी आली. दादाचा गट जुळला नव्हता, मला मधुमेह, आक्काचं वय झालेलं. तुझं नाव किडनीसाठीच्या यादीत होतं आणि यादी पुढं सरकत नव्हती. पोरीनं रिपोर्ट तुझ्या मशीनवर ठेवला. "आई, माझं जुळतं." तू वाचलंस. मग हातातलं फुलपात्र तू जमिनीवर असं आपटलंस की ते टण्णकन उडून कपाटाला लागलं. त्यातलं तुझं दुपारचं पाणी सगळं सांडलं.

"मी माहेरी जाते ते माझं माहेर आहे! तुझं नाही. तुला तिथं न्यायला मी नाव ठेवलं नव्हतं. तुझं जे काय असेल ते तुझं तू शोध, जा."

ती रडली. तूही रडलीस. त्या दिवशी तू सांडलेलं पाणी पुन्हा भरून घेतलं नाहीस. अस्मितानं नंतर पुन्हा दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा तुझा आवाज जिन्यातून खाली गेला. शेवटी तिनं दुसरंच शोधलं, हैदराबादला सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम. प्रवेश मिळाल्याचं तिनं सांगितलं तेव्हा तू तुझ्या पथ्याचा, उकळून पाणी काढलेला बटाटा खात होतीस. "तिथं भाज्या चांगल्या मिळतात म्हणे," एवढंच म्हणालीस, आणि रात्रीतून तिच्या तीन ओढण्यांना पिको करून ठेवलंस.

जलदानाला बौद्धाचार्य आले, त्रिशरण-पंचशील झालं. मग त्यांनी पाणी ओतायला भांडं मागितलं. अस्मिता आत गेली आणि तुझं फुलपात्र घेऊन आली, तेच, पोचा आलेलं.

आक्का हळूच म्हणाली, "अगं, ते नको. चेपलंय. काचेचा ग्लास आण."

"हेच, आत्या."

दादा, अस्मिता आणि मी, तिघांनी तांब्याला हात लावला. गाथा सुरू झाली आणि आम्ही पाणी ओतू लागलो. भांडं ओसंडून वाहीपर्यंत ओतायचं असतं. तुझं फुलपात्र ते. लगेच भरलं. गाथा अजून चालू होती. पाणी ताटात उतरलं, ताटातून सतरंजीवर, सतरंजीवरून पाटीलबाबांच्या पायांपर्यंत. बाबांना त्यांच्या मुलानं गाडीतून आणलं होतं. कुणीतरी फडकं आणायला उठलं, तर बाबा म्हणाले, "ऱ्हांदे. जाऊंदे पानी. पोरीनं लय दिस मापला."

मी तेव्हा रडलो. त्याआधी नाही.

जेवणं झाली. माणसं पांगली, जवळची राहिली. आक्का अस्मिताजवळ जाऊन बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. आक्का वाईट नाही, हे तुला मी सांगायला नको. नवरा गेल्यावर दोन पोरं तिनं एकटीनं वाढवली, आणि आपलं दुःख गोड नाव देऊनच गिळलं. तिला दुसरी रीत कुणी दाखवली नाही.

"अस्मे, आता हैदराबादचं राहू दे," ती म्हणाली. "बाबाला शिफ्ट. काकाला शुगर. बघायचं कुणी? इथं ऐरोलीत कंपन्या काय कमी आहेत? खाली उतरलं की ऑफिस."

अस्मिता सतरंजीचा ओला कोपरा पिळत राहिली.

"आईकडं बघ जरा. तिनं दवाखान्याच्या खुर्चीला माहेर म्हटलं. तुला एवढं भरलं घर, त्याला घर म्हणता येईना? नजर बदलायची गं. सगळं नजरेतच असतं."

बसलेल्या बायकांनी माना डोलावल्या. खालच्या काकूंनीही डोलावली. माझीही मान सवयीनं अर्धी खाली गेली होती. अस्मितानं त्याच वेळी माझ्याकडं पाहिलं.

"आक्का," मी म्हणालो, "ती नजर वहिनीची होती."

"मग मी तेच म्हणते. आईची नजर लेकीनं घ्यावी."

"आईनं घेऊ दिली नाही." मी उठलो आणि फोटोपुढचं फुलपात्र उचलून तिच्या हातात दिलं. "हा पोचा कसा आला, माहीत आहे?"

"पडलं असेल कुठं."

"आपटलं होतं. वहिनीनं. पोर स्वतःची किडनी द्यायला निघाली होती तेव्हा. आवाज खालपर्यंत गेला होता."

"कोण? सुनंदा? काहीतरीच."

"गेला होता हो," खालच्या काकू म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, टीव्ही."

पाटीलबाबा हसले. मला त्या हसण्याचा फार आधार वाटला.

"आक्का, आठवून बघ," मी म्हणालो. "नजर बदल असं ती आयुष्यात कुणाला म्हणाली का? तुला म्हणाली? मला? ती स्वतःची बदलायची आणि गप्प राहायची. माहेर तिनं स्वतःपुरतं शोधलं होतं. लेकीला तिथं अडकवायला नाही. अस्मिता जाणार."

एवढं सलग मी चारचौघांत कधी बोललो नव्हतो. तुला हसू आलं असतं.

"आणि घर?" आक्का म्हणाली. "दोन पुरुष माणसं."

"दोन पुरुष माणसं बघतील."

सगळ्यांनी दादाकडं पाहिलं. दादा सकाळपासून भिंतीला टेकून बसला होता. उठला, स्वयंपाकघरात गेला. गॅस लावल्याचा आवाज आला, पातेलं ठेवल्याचा आला. मग त्याची हाक आली, "अस्मी, साखर कुठं—"

अस्मिता उठायला लागली.

"राहू दे," आतून दादा म्हणाला. "सांगू नकोस. शोधतो मी."

मग एकेक डबा उघडल्याचा आवाज येत राहिला. रवा, पोहे, शेंगदाणे, कशाचं काय. बराच वेळ. आपल्या घराचे डबे दादानं लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिले असतील. आक्का फुलपात्रावरच्या पोच्यावरून अंगठा फिरवत बसली होती. चहा आला तो बिनसाखरेचा होता. सगळ्यांनी प्याला. पाटीलबाबा म्हणाले, "मना तं आर्धाच चालतो," आणि अर्धाच प्याले, डोळे मिटून, सावकाश, तू बघायला असतीस तर पूर्ण मार्क दिले असतेस असे. आक्कानं जाताना अस्मिताच्या हातात घडी केलेली नोट कोंबली आणि म्हणाली, "तिकडं थंडी असते का गं?"

वहिनी, तुझं सगळं म्हणणं मला पटलं असं मी लिहिणार नाही. तुझं नाव त्या यादीत शेवटपर्यंत तिथंच राहिलं, याला माझी नजर कितीही फिरवली तरी मी बरं म्हणणार नाही. तू मेलीस, आणि ते चुकीचं झालं. याला शांती म्हणा, सुटका म्हणा, असं सांगायला जो येईल त्याला मी इथून पुढं मान हलवणार नाही. मानून घ्यायचं तर डोळे मिटावे लागतात. मी मिटत नाही. तुझी जागा रिकामी आहे, मशीनवर कापड पडलेलं आहे, मी ते बघतो. दुखतं ते दुखतंच. तेही बघतो.

आज शनिवार, तुझा जायचा वार. सवयीनं तयार होऊन बसलो होतो, पुस्तकही काढलं होतं, एका हातात मावणारं. मग लक्षात आलं. अस्मिता पुढच्या आठवड्यात निघते आहे, फुलपात्र ती बरोबर नेणार आहे, मी हो म्हटलं आहे. तोवर ते इथं आहे. ते भरून घेतलं आणि तुझ्या फोटोसमोर येऊन बसलो. पेपर दुमडून ठेवला.

पहिला घोट गडबडीत गेला. पुन्हा भरून घेतलं.